विश्लेषण : एक प्रोग्रॅमर खरेच दहा जणांचे काम करतो का? कोडिंगमधील ‘हुशारी’ मोजायची कशी?

छत्रपती संभाजीनगरातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो, एमजीएमचे जेएनईसी असो, एमआयटी असो की देवगिरी. संगणक शाखेच्या अंतिम वर्षातील मुलामुलींचा पहिला पगार अनेकदा एका ऑनलाइन परीक्षेवर ठरतो. टीसीएसच्या ‘एनक्यूटी’ या एकाच परीक्षेतून निंजा, डिजिटल आणि प्राइम अशा तीन श्रेणी निघतात. अलीकडच्या वर्षांत त्यांचे वार्षिक पॅकेज साधारण साडेतीन लाख, सात लाख आणि नऊ लाखांच्या पुढे असे राहिले आहे. चार वर्षे एकाच बाकावर बसलेल्या दोघांच्या पगारात पहिल्याच दिवशी अडीचपट फरक पडतो. काही प्रोग्रॅमर इतरांपेक्षा कितीतरी पट सरस असतात आणि ते आधीच ओळखता येतात, असा विश्वास या पद्धतीमागे आहे. साठ वर्षांच्या संशोधनाने यातला पहिला भाग बराचसा खरा ठरवला आहे. दुसऱ्या भागाबाबत मात्र ते बरेच सावध आहे.

ही चर्चा आत्ताच का?

आयटी कंपन्यांत माणसे मोजण्याचे प्रमाण वाढले आहे आणि त्याचे परिणामही कठोर झाले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातील ३०० हून अधिक नवोदितांना घरी पाठवले. अंतर्गत मूल्यमापनात उत्तीर्ण होण्यासाठी सर्वांना तीन संधी दिल्या जातात आणि हा नियम जुनाच आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने कमी झालेल्यांची संख्या याहून बरीच मोठी असल्याचा दावा केला आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. यातील अनेकांना निवड झाल्यानंतर रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली होती.

जून २०२५ मध्ये टीसीएसने प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर लागले पाहिजेत, प्रकल्पाविना रिकामे दिवस ३५ हून अधिक नसावेत, असे धोरण आणले. पाठोपाठ जुलैमध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या स्तरावरील लोकांचा भरणा अधिक होता.

म्हणजे पहिली नोकरी, प्रशिक्षणानंतर टिकणे आणि पंधरा वर्षांनंतरची खुर्ची या तिन्ही ठिकाणी ‘हा माणूस किती कामाचा’ हा प्रश्न आहे. मराठवाड्यातील ज्या घरांत शैक्षणिक कर्ज काढून मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळूरुला पाठवली जाते, त्यांच्यासाठी हा प्रश्न थेट हप्त्यांशी जोडलेला आहे.

‘२८ पट’ हा आकडा आला कुठून?

अमेरिकेतील सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या संस्थेत हॅरॉल्ड सॅकमन, डब्ल्यू. जे. एरिक्सन आणि ई. ई. ग्रँट या संशोधकांनी एक प्रयोग केला. तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा हेतू वेगळाच होता. संगणकासमोर बसून थेट चुका दुरुस्त करणे चांगले, की काम जमा करून नंतर निकाल घेणे चांगले, हे त्यांना तपासायचे होते. त्यासाठी १२ अनुभवी प्रोग्रॅमरना दोन कामे दिली गेली. निकाल पाहताना पद्धतीतील फरकापेक्षा माणसांतील फरकच डोळ्यांत भरला. एका कामातील चुका शोधून दुरुस्त करायला सर्वांत वेगवान प्रोग्रॅमरला ६ तास लागले, तर सर्वांत संथ प्रोग्रॅमरला १७०. हेच ते २८ पट.

हा आकडा पुढे पुस्तकांतून आणि व्यवस्थापनाच्या भाषणांतून फिरत राहिला. त्याचाच गोल केलेला अवतार म्हणजे आज नोकरभरतीच्या जाहिरातींत झळकणारा ‘टेनएक्स प्रोग्रॅमर’, म्हणजे दहा जणांचे काम एकटा करणारा.

आकड्यात गडबड होती. सर्वांनी एकच संगणक भाषा वापरली नव्हती. काहींनी यंत्राच्या जवळची, वेळखाऊ भाषा वापरली, तर काहींनी सोपी, उच्चस्तरीय. कामाच्या दोन्ही पद्धतींतील माणसे एकाच तुलनेत आली. शिवाय अवघ्या १२ जणांतील पहिला आणि शेवटचा यांची तुलना केली, की एखाद्याचा फसलेला आठवडासुद्धा मोठा आकडा देऊन जातो. वर्गातील पहिल्या आणि शेवटच्या विद्यार्थ्याच्या गुणांवरून सगळ्या वर्गाबद्दल बोलण्यासारखेच हे झाले.

मग खरा फरक किती?

जर्मनीतील कार्लस्रूह विद्यापीठात लुट्झ प्रेचेल्ट यांनी १९९९ मध्ये अनेक प्रयोगांतील नोंदी एकत्र करून हा दावा पुन्हा तपासला. टोकाची दोन माणसे घेण्याऐवजी त्यांनी वेगवान चौथा हिस्सा आणि संथ चौथा हिस्सा यांच्यातील मधली माणसे घेतली. फरक साधारण दुप्पट ते चौपट निघाला.

हा फरक लहान नाही. सुताराने किंवा गवंड्याने चौपट वेळ घेतला तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणार नाही. पण दुप्पट-चौपट आणि २८ पट यांतून निघणारी धोरणे वेगळी असतात. २८ पट खरे मानले, तर कंपनीने बाकी सारे सोडून फक्त ‘हिरे’ शोधत फिरावे. दुप्पट-चौपट खरे मानले, तर उरलेल्यांना शिकवणे आणि कामाची नीट रचना करणे हाही फायद्याचा व्यवहार ठरतो.

एकच माणूस रोज सारखा असतो का?

भरतीच्या परीक्षेच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटचे विल्यम निकोल्स यांनी २०१९ मध्ये त्याचे उत्तर मांडले. त्यांच्याकडे ४९४ प्रोग्रॅमरनी लिहिलेल्या त्याच त्या १० प्रोग्रॅमच्या वेळेच्या नोंदी होत्या. लागलेल्या वेळेतील एकूण चढउतारांपैकी सुमारे निम्मा भाग दोन माणसांमधला नव्हताच. तो एकाच माणसाच्या एका कामात आणि दुसऱ्या कामात पडलेला होता.

साध्या शब्दांत सांगायचे तर एका कामात पहिल्या पाचात येणारा पुढच्या कामात पन्नासावा असू शकतो. क्रिकेटमध्ये हे कुणाला सांगावे लागत नाही. एका डावातील शून्यावरून फलंदाज काढून टाकत नाहीत, सरासरी बघतात. कोडिंगच्या परीक्षेत मात्र एका सकाळच्या दोन प्रश्नांवर श्रेणी ठरते. त्या दिवशी ओळखीचा प्रश्न आला, झोप नीट झाली, इंटरनेट चालले, तर मूल ‘डिजिटल’; नाही तर ‘निंजा’.

परीक्षा निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. ती जे मोजते त्यात माणसाची क्षमता असते, तशी त्या दिवसाची नशिबाची साथही असते. दोन्हींना एकच नाव देऊन कायमचा शिक्का मारणे चूक आहे.

गणित चांगले म्हणजे कोडिंग चांगले?

आपल्याकडे दहावीला गणितात किती पडले, यावरून मूल संगणकाकडे जाईल की नाही हे ठरवण्याची सवय आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील शँटेल प्राट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडलेले निष्कर्ष या सवयीला छेद देतात. पायथन ही संगणक भाषा पहिल्यांदाच शिकणाऱ्या ३६ प्रौढांच्या त्यांनी आधी विविध चाचण्या घेतल्या. शिकण्यातील फरकांपैकी सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३४ टक्के, नव्या प्रश्नावर तर्क लढवण्याची आणि माहिती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता यांचा होता. त्याखालोखाल १७ टक्के वाटा नवी भाषा शिकण्याच्या हातोटीचा निघाला. आकडेमोडीचा वाटा होता जेमतेम २ टक्के.

नमुना लहान आहे आणि मोजले आहे ते शिकणे. नोकरीतील काम त्याहून वेगळे असते. तरी दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. कोड लिहिणे हे बरेचसे लिहिणे-वाचणेच आहे. दुसऱ्याचा मजकूर वाचून त्याच्या मनात काय होते ते ओळखायचे आणि आपला मजकूर पुढच्याला कळेल असा लिहायचा. परभणी किंवा बीडच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाची अडचण अनेकदा तर्काची नसते. प्रश्न इंग्रजीत असतो आणि त्याचा अर्थ लावण्यातच पहिली दहा मिनिटे जातात. अशा वेळी परीक्षा कोडिंगबरोबर इंग्रजी वाचनाचा वेगही मोजत असते. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला, त्याचे महत्त्व या बाजूनेही तपासायला हवे.

‘जन्मजात प्रोग्रॅमर’ आधीच ओळखण्याचे प्रयत्न बरेच झाले आणि फसलेही. आयबीएमने १९५५ मध्ये प्रोग्रॅमरसाठी अभियोग्यता चाचणी आणली आणि ती पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १९६६ मध्ये विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी यांनी १,३७८ प्रोग्रॅमरच्या आवडीनिवडी तपासल्या. या लोकांना कोडी आवडतात आणि माणसे फारशी आवडत नाहीत, असे त्यांनी म्हटले. त्या नमुन्यात स्त्रिया होत्या फक्त १८६. माणूसघाणा, एकलकोंडा पुरुष म्हणजेच प्रोग्रॅमर, ही प्रतिमा घट्ट होण्यास अशा निकषांचा हातभार लागला, असे इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी दाखवले आहे. ब्रिटनमध्ये २००६ साली सईद दहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी कोण प्रोग्रॅमर होईल, हे पहिल्या तासाआधीच सांगणारी चाचणी सापडल्याचा दावा केला. त्याची जगभर चर्चा झाली. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला.

स्वभावाचे काय? नॉर्वेतील जो हॅने आणि सहकाऱ्यांनी तीन देशांतील १९६ व्यावसायिक प्रोग्रॅमरना जोडीने काम करायला लावून पाहिले. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार स्वभावगुणांचा परिणाम अल्प होता. कौशल्य आणि कामाची अवघडता यांवरून कामगिरीचा अंदाज अधिक चांगला येत होता.

अनुभव, मुलाखत, चाचणी : नेमके काय उपयोगी?

सर्व प्रकारच्या नोकऱ्यांवरील शंभरेक वर्षांचे संशोधन पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नव्याने तपासले. निवडीच्या वेळचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा संबंध शून्य ते एक या पट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. सर्वांना तेच, आधी ठरवलेले प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीला ०.४२ मिळाले. त्या कामाच्या ज्ञानाच्या चाचणीला ०.४०, प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीला ०.३३ आणि सर्वसाधारण बुद्धिमत्ता चाचणीला ०.३१. ‘स्वतःबद्दल सांगा’ छापाच्या मोकळ्या मुलाखतीला फक्त ०.१९. अनुभवाची निव्वळ वर्षे शून्याच्या जवळ राहिली.

यातील एकही आकडा निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे उत्तमोत्तम निवडपद्धतीतही चुका होणारच. म्हणून निवड एकाच गाळणीतून न करता दोन-तीन वेगळ्या पद्धती एकत्र वापरणे शहाणपणाचे.

कार्यालयाचा वाटा किती?

टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतील ६०० हून अधिक प्रोग्रॅमरची स्पर्धा घेतली. प्रत्येक कंपनीतून जोड्या येत. दोघे तेच काम स्वतंत्रपणे, आपल्याच कार्यालयात बसून करत. सर्वांत सरस आणि सर्वांत कच्चा यांच्यात दहापट फरक होताच. पण एकाच कंपनीतील दोघांमधला फरक सरासरी फक्त २१ टक्के निघाला. चांगल्याच्या शेजारी चांगला आणि कच्च्याच्या शेजारी कच्चा.

दोघांनी कार्यालयांची पाहणी केली. वरच्या चौथ्या हिश्श्यातील प्रोग्रॅमरना बसायला सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, तळाच्या हिश्श्यातील लोकांना ४६. आपली जागा पुरेशी शांत आहे असे वरच्यांपैकी ५७ टक्के सांगत होते, तळाच्यांपैकी २९ टक्के. यातून शांततेमुळेच काम सुधारले, असे सिद्ध होत नाही. चांगल्या कंपन्या चांगली माणसे ओढतात आणि जागाही चांगली देतात, असेही असू शकते. तरी ‘तो हुशार आहे’ म्हणताना त्याच्या भोवतालाचे श्रेयही आपण त्याच्याच खात्यावर टाकतो, एवढे यातून नक्की कळते.

म्हणूनच रिकाम्या दिवसांवरून माणूस जोखणे अवघड ठरते. प्रकल्प मिळणे हे ग्राहक, बाजार आणि व्यवस्थापक यांवरही अवलंबून असते. कोडच्या ओळी मोजणे तर त्याहून फसवे. १९८२ मध्ये ॲपलमध्ये प्रत्येकाने आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरायचा होता. बिल ॲटकिन्सन यांनी एक भाग नव्याने, अधिक वेगवान लिहिला आणि त्यात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी तक्त्यात लिहिले : उणे २०००. ठरावीक टक्के लोकांना तळाचा क्रमांक द्यायचाच, ही पद्धतही मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये सोडून दिली. सहकाऱ्याला मदत केली तर आपला क्रमांक घसरतो, अशी त्यात मेख होती.

वाळूज-शेंद्र्याचा यात काय संबंध?

बिल कर्टिस, हर्ब क्रॅस्नर आणि नील इस्को यांनी १९८८ मध्ये १७ मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचा अभ्यास मांडला. प्रकल्प अडण्याच्या तीन मोठ्या कारणांपैकी एक होते, ज्या क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर बनवायचे त्याची जाण फार थोड्यांना असणे. बाकी दोन होती, सतत बदलणाऱ्या मागण्या आणि तुटलेला संवाद. कोड न येणे हे या तिन्हींत नव्हते.

इथे संभाजीनगरची बाजू भक्कम आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून सुरू आहे आणि त्याच्याभोवती सुट्या भागांच्या उद्योगांचे जाळे उभे राहिले. चिकलठाण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचे केंद्र आहे, विद्यापीठ परिसरात ‘नायलिट’ आहे, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक औद्योगिक नगरी आहे. मराठवाडा चेंबर, म्हणजे ‘सीएमआयए’च्या पुढाकारातून ‘मॅजिक’ हे नवउद्योग केंद्रही चालते. शॉप फ्लोअरवर पाळी कशी बदलते, माल नाकारला की कागद कुठून कुठे जातात, हे पाहिलेला प्रोग्रॅमर कारखान्याचे सॉफ्टवेअर लिहिताना योग्य प्रश्न विचारतो. एनक्यूटीसारख्या परीक्षेत या जाणिवेला गुण नाहीत. प्रत्यक्ष कामात आहेत.

एआयमुळे हा फरक मिटेल का?

उत्तर अजून दुहेरी आहे. मायक्रोसॉफ्ट, ॲक्सेंचर आणि आणखी एका मोठ्या कंपनीतील ४,८६७ प्रोग्रॅमरवर झालेल्या प्रयोगांत एआय सहायक मिळालेल्यांनी सुमारे २६ टक्के अधिक कामे पूर्ण केली. कमी अनुभव असलेल्यांना लाभ अधिक झाला. उलट जुलै २०२५ मध्ये ‘मीटर’ या संस्थेने १६ अत्यंत अनुभवी प्रोग्रॅमरच्या २४६ कामांची नोंद मांडली. आपल्या ओळखीच्या कोडवर काम करताना एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावरही त्यांना वाटत होते, आपण २० टक्के वेगवान झालो.

दुसरा निष्कर्ष विशेष बोलका आहे. कसलेल्या माणसालाही स्वतःचा वेग नीट सांगता येत नसेल, तर व्यवस्थापकाच्या ‘मला अंदाज आहे’ यावर किती विसंबायचे? कोड लिहून देणारे यंत्र हाताशी आल्यावर त्यातील चूक ओळखणे, नेमके काय हवे ते शब्दांत मांडणे आणि क्षेत्र समजणे, यांतील फरक अधिक ठळक होण्याची शक्यता आहे.

विद्यार्थ्यांनी आणि महाविद्यालयांनी काय लक्षात घ्यावे?

प्रोग्रॅमरमध्ये फरक असतो आणि तो बऱ्यापैकी मोठा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो एका सकाळी पूर्ण दिसत नाही आणि सगळाच माणसाच्या आत नसतो. एका परीक्षेत मिळालेली खालची श्रेणी ही एक नोंद आहे. पुढच्या दहा कामांची सरासरी तिच्याहून अधिक खरे सांगेल. मुलांनी ती सरासरी दाखवता येईल अशी प्रत्यक्ष कामे, इतरांना वाचता येतील अशी, साठवत जावीत.

महाविद्यालयांसाठी यातून स्वस्तातला उपाय निघतो. तोंडपाठ प्रश्नसंच वाढवण्यापेक्षा एकमेकांचा कोड वाचून त्यावर बोलायला लावणे, इंग्रजीतील प्रश्नाचा अर्थ मराठीतून उलगडणे आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प चिकलठाणा-वाळूजमधल्या खऱ्या अडचणीवर बेतणे. कंपन्यांसाठीही हिशेब सोपा आहे. पगारातील अडीचपट दरी एका चाचणीने ठरवत असाल, तर वर्षभराच्या कामानंतर ती पुन्हा तपासण्याची सोय त्याच नियमावलीत हवी. नाही तर एका दिवसाचे नशीब पुढची कित्येक वर्षे ‘गुणवत्ता’ या नावाने पगारपत्रकात राहील.